परक्या मैदानावर आपला माणूस

परगावच्या जत्रेत आपल्या गावचा पैलवान फडात उतरला, की त्याच्यामागे गेलेल्या चार-दोन माणसांची काय अवस्था होते, हे ज्याने अनुभवले त्याला वेगळे सांगायला नको. हलगी त्यांची, पंच त्यांचे, टाळ्याही त्यांच्याच. आपला गडी हरला तर मान खाली घालून निघायचे आणि जिंकला तर फार आरडाओरड न करता निघायचे! अशीच अवस्था आम्ही साता समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ९ सप्टेंबर २०२३ रोजी अनुभवली. फरक एवढाच, की तिथे फडाऐवजी साडेएकसष्ट हजार माणसे बसतील असे स्टेडियम होते. आणि ज्या तरुणाचे नाव त्या स्टेडियमला दिले आहे, तो स्वतःच परक्या मैदानावर खेळताना जायबंदी होऊन प्राणास मुकला होता. ही हकिकत त्याचीच आहे. आमचे जाणे हे केवळ निमित्त.

आमचा भाचा आयोवा सिटी या गावी आयोवा विद्यापीठात संशोधन करतो. तिथल्याच मुलांना शिकवून स्वतःचा खर्च भागवतो. त्या वर्षी त्याने आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, आणि आम्हा उभयतांना महिनाभरासाठी बोलावून घेतले. गेल्यावर आठवडाभरातच तो म्हणाला, "मामा, शनिवारी एम्सला जायचंय. आपल्या विद्यापीठाची मॅच आहे. त्यांच्या मैदानावर."

'आपल्या' या शब्दाची आम्हाला गंमत वाटली. परंतु त्या देशात विद्यापीठाचा संघ म्हणजे गावाचा, घराचा संघ असतो. ज्यांनी कधी कॉलेजची पायरी चढली नाही असे शेतकरी आणि कारखान्यातले कामगारही आयुष्यभर एकाच विद्यापीठाचे रंग अंगावर घालतात. आयोवा राज्यात अशी दोन मोठी विद्यापीठे आहेत. एक आयोवा सिटीचे आयोवा विद्यापीठ, रंग काळा आणि सोनेरी. दुसरे एम्स गावचे आयोवा स्टेट विद्यापीठ, रंग गडद लाल आणि सोनेरी. दोघांचा पहिला सामना १८९४ साली झाला. पुढे वैर इतके वाढले की १९३४ नंतर तब्बल ४३ वर्षे ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. १९७७ साली सामने पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी एकाच घरात नवरा एका रंगात आणि बायको दुसऱ्या रंगात, असेही दृश्य दिसते.

बहीण यायला तयार नव्हती

तिकिटे चार होती. आम्ही आणि आमच्या सौ. लगेच तयार झालो. बहीण मात्र म्हणाली, "तुम्ही जा. मी घरीच बसते. एवढ्या परक्या माणसांत मला नको."

भाच्याला वाटले, आई थकली असेल. आम्हाला खरे कारण ठाऊक होते. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आम्ही तेव्हा कॉलेजात शिकायला तेव्हाच्या औरंगाबादेस होतो. बहीण आठ वर्षांची, गावी होती. आईने तिला कडेवर घेऊन दोन रात्री ज्वारीच्या रानात काढल्या. अंधारात एका बाजूला जाळ आणि दुसऱ्या बाजूला माणसांचा कालवा, एवढेच तिला आठवते. तेव्हापासून मोठा जमाव एका सुरात ओरडू लागला की तिच्या अंगाला कापरे भरते. लग्नाच्या वरातीतही ती कडेला उभी राहते.

भाच्याने हे सारे ऐकले आणि थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, त्या मैदानाला ज्याचं नाव आहे ना, त्याची गोष्ट तुला सांगतो. ती ऐकून मग ठरव."

ती गोष्ट ऐकल्यावर बहीण उठली आणि भाच्याने आणून ठेवलेला काळा-सोनेरी सदरा साडीवर चढवून तयार झाली.

कार्व्हरच्या गावी

आयोवा सिटीहून एम्स मोटारीने दोन तासांच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर मका. मध्येच धान्याच्या उंच कोठ्या, एखादे लाकडी घर, पुन्हा मका. आपल्याकडच्या माणसाला या मुलखाचे पहिले नवल वाटते ते पिकाचे आणि दुसरे माणसांच्या विरळपणाचे.

एम्स हे नाव मराठी वाचकाला तसे परके नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आले आणि आपल्या कितीतरी घरांत ते पोरांना वाचायला दिले गेले. गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ साली याच एम्सच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाले. ते तिथले पहिले काळे विद्यार्थी. आधी दुसऱ्या एका कॉलेजाने त्यांचा रंग पाहून दारातून परत पाठवले होते. एम्समध्येही सुरुवातीला त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत जागा नव्हती. तळघरात शेतमजुरांबरोबर जेवावे लागले. तरी तेच कार्व्हर तिथे पदवीधर झाले, १८९६ साली वरची पदवी घेतली आणि त्या कॉलेजातले पहिले काळे अध्यापक झाले. फुटबॉलच्या संघातल्या थकल्या-दुखावल्या खेळाडूंना मालिश करून देण्याचे कामही ते करीत. म्हणजे या मैदानाच्या कथेत आपल्या ओळखीचा माणूस अगदी आरंभापासूनच आहे.

स्टेडियमच्या भोवती मैलभर गवताची मैदाने आणि त्यांवर हजारो मोटारी. लोक सकाळपासून येऊन गाडीची मागची बाजू उघडतात, शेगडी पेटवतात, मांस भाजतात, कणसे उकडतात, खुर्च्या टाकून बसतात. आपल्याकडे दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला आलेली कुटुंबे जशी पथाऱ्या पसरून भाकरी सोडतात, तसेच काहीसे. कारण मात्र निराळे.

आम्ही चौघे काळ्या-सोनेरी सदऱ्यांत त्या लाल रंगाच्या गर्दीतून चाललो होतो. तरुण पोरे आमच्याकडे पाहून हातवारे करीत होती, चिडवत होती. एकाने आमच्या संघाचे नाव घेऊन लांब सूर काढला. बहिणीने आमच्या सौभाग्यवतींचा हात घट्ट धरला. एवढ्यात एका गाडीपाशी बसलेल्या लाल सदऱ्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला हात केला. भाच्याशी काही बोलल्या, हसल्या आणि त्यांनी आम्हा चौघांच्या हातात पाण्याच्या थंड बाटल्या आणि कणसे दिली. भाचा म्हणाला, "त्या म्हणतायत, सामना संपेपर्यंत आपण वैरी, पण अजून सुरू झालेला नाही!"

परक्या गावात, परक्या रंगाच्या माणसाने पाणी दिले, यात अमेरिकेतल्या माणसाला विशेष काही वाटणार नाही. आमच्या पिढीला वाटते. महाडच्या तळ्याची आठवण झाल्यावाचून राहात नाही.

एका रात्रीचे पत्र

आत जाण्यापूर्वी भाच्याने आम्हाला ब्राँझच्या एका पुतळ्यापाशी नेले. हाच जॅक ट्राइस.

जॅकचा जन्म १९०२ साली ओहायो राज्यातल्या हायरम गावचा. त्याचे वडील सैन्यातल्या काळ्या शिपायांच्या पलटणीत होते. वडील लवकर गेले. आईने, ॲना ट्राइस यांनी, मुलाला शिक्षणासाठी क्लीव्हलंडला नातेवाइकांकडे धाडले. तिथल्या शाळेत तो फुटबॉलमध्ये चमकला. शाळेचे प्रशिक्षक एम्सच्या कॉलेजात नोकरीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर १९२२ साली जॅकही गेला. त्याने पशुसंवर्धन हा विषय घेतला. शिकून दक्षिणेत जायचे आणि तिथल्या काळ्या शेतकऱ्यांना मदत करायची, हा त्याचा बेत. कॉलेजच्या संघातून खेळणारा तो पहिला काळा खेळाडू. १९२३ च्या उन्हाळ्यात त्याने कोरा मे हिच्याशी लग्न केले.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला त्याचा संघ मिनेसोटा विद्यापीठाच्या मैदानावर, मिनिआपोलिस शहरात खेळायला गेला. मुख्य संघातून त्याचा हा दुसराच सामना. आदल्या रात्री हॉटेलात जॅकने स्वतःलाच एक पत्र लिहिले. उद्या आपण पणाला लावणार आहोत ती आपल्या वंशाची, आपल्या घराची आणि आपली स्वतःची अब्रू, सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे आहे, तेव्हा अंग राखून खेळायचे नाही, असा त्याचा आशय. ते पत्र त्याने कोटाच्या खिशात ठेवले.

वाचकहो, एकवीस वर्षांचा तो मुलगा सामना खेळायला गेला होता. तरी आदल्या रात्री त्याला स्वतःला सांगावे लागले, की उद्या तू एकटा खेळत नाहीस, तुझ्याबरोबर तुझा सगळा समाज मैदानात आहे. हे ओझे बरोबरच्या गोऱ्या खेळाडूंपैकी कोणाच्याही खांद्यावर नव्हते. आपल्या वस्तीतले पहिले पोर बोर्डाच्या परीक्षेला बसते किंवा नोकरीच्या मुलाखतीला जाते, तेव्हा त्याच्या खिशातही न लिहिलेले असेच एक पत्र असते.

सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात जॅकच्या खांद्याजवळचे हाड मोडले. विचारले तर 'बरा आहे' म्हणाला आणि खेळत राहिला. उत्तरार्धात त्याने समोरच्यांना अडवण्यासाठी अंग झोकून दिले, तो उताणा पडला आणि विरुद्ध संघाचे खेळाडू त्याच्या अंगावरून गेले. हे मुद्दाम घडले की खेळाच्या ओघात, याबद्दल आजही एकमत नाही. त्याला मिनिआपोलिसच्या रुग्णालयात नेले आणि प्रवास करायला हरकत नाही असे सांगण्यात आले. गवताच्या गादीवर झोपवून आगगाडीने त्याला एम्सला आणले. ८ ऑक्टोबर १९२३ रोजी, आतल्या आत रक्तस्राव होऊन, जॅक ट्राइस वारला. त्याचा संघ तो सामना २०-१७ असा हरला होता.

कॉलेजच्या हिरवळीवर त्याला निरोप देण्यासाठी सुमारे चार हजार माणसे जमली. खिशातले ते पत्र तोवर सापडले होते. ते तिथे वाचून दाखवण्यात आले. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्याच्या घरच्यांना मदत केली. त्याच्या कॉलेजने पुढे १९८९ पर्यंत मिनेसोटाशी सामना खेळला नाही.

आपल्याकडे ते १९२३ साल कसे होते, हेही आठवून पाहावे. पुण्याच्या युरोपियन क्लबात गोलंदाजी करून मोठे झालेले पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण हिंदूंच्या संघात खेळताना सुरुवातीला त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. संघ आपलाच, मैदान आपल्याच गावातले, तरी ते परके! बाळूंना त्या संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले ते १९२३ साली. जॅक गेला त्याच वर्षी.

नावासाठी चोवीस वर्षे

जॅकची गोष्ट लोक हळूहळू विसरले. जुन्या व्यायामशाळेत त्याच्या नावाची एक पाटी तेवढी धूळ खात होती. १९५७ साली एका विद्यार्थ्याच्या ती नजरेस पडली आणि त्याने त्यावर लेख लिहिला. पुढे १९७३ च्या सुमारास, नवे स्टेडियम उभे राहायचे ठरले तेव्हा, एका अध्यापकाच्या वर्गातल्या मुलांनी ही हकिकत खणून काढली आणि मागणी केली: नव्या स्टेडियमला जॅक ट्राइसचे नाव द्या. विद्यार्थ्यांच्या संघटनेने ती उचलून धरली.

१९७५ साली स्टेडियम सुरू झाले, पण नाव काही दिले गेले नाही. एक मुलगा, दोन सामने खेळलेला, त्याचे नाव एवढ्या मोठ्या वास्तूला कशाला, असा सूर होता. मुले पास होऊन जात होती, नवी मुले येत होती आणि मागणी मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. शेवटी १९८४ साली तडजोड झाली. स्टेडियमचे नाव 'सायक्लोन स्टेडियम' आणि आतल्या खेळाच्या जागेचे नाव 'जॅक ट्राइस फील्ड'. विद्यार्थ्यांचे त्यावर समाधान झाले नाही. त्यांनी पैसे उभे करून १९८८ साली जॅकचा पुतळा बसवला. अखेर १९९७ साली संपूर्ण स्टेडियमला 'जॅक ट्राइस स्टेडियम' हे नाव मिळाले. चोवीस वर्षे लागली.

भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्ही आणि बहीण, दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आपल्या नामांतराची कथा यापेक्षा निराळी ती काय? १९७८ चा ठराव, पेटलेल्या वस्त्या, नागपूरहून निघालेला लाँग मार्च, तुरुंग भरणारे कार्यकर्ते, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे आणि इतर शहीद. आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार. तिथेही तडजोड, इथेही तडजोड.

फरकही सांगितला पाहिजे. तिथे नावासाठी कोणाचे घर जाळले गेले नाही. आपल्याकडे नावासाठी माणसे गेली. म्हणून दोन्ही लढे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण ज्याला गावाने बाजूला ठेवले त्याचे नाव गावाच्या दारावर कोरायचे, आणि ते काम मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या न थकता करायचे, हा धागा मात्र एकच आहे.

आमच्या घरात दोन पदव्या आहेत. आमची १९८१ सालची, तिच्यावर जुने नाव. बहिणीने लग्नानंतर, स्वयंपाक-पाणी सांभाळून घेतलेली १९९५ सालची, तिच्यावर बाबासाहेबांचे नाव. तिची पदवी घरी दर्शनी भिंतीवर आहे आणि आमची कपाटात. याचे आम्हाला कधीही वाईट वाटलेले नाही.

ढालीसारखी माणसे, लंबगोल चेंडू

आता थोडे खेळाविषयी. तिथला फुटबॉल म्हणजे आपण समजतो तो नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन धावायचे किंवा फेकायचा. दोन्हीकडे अकरा-अकरा जण, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. मैदान शंभर यार्डांचे. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे. शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसे घेरून पाडतात तसे इथे चेंडूवाल्याला पाडतात, पण पाडणारे एकेक जण आपल्या दोघांएवढे! १९०५ च्या सुमारास या खेळात इतके मृत्यू होऊ लागले की काही विद्यापीठांनी तो बंदच केला. त्यांत कोलंबिया विद्यापीठही होते. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबियात दाखल झाले तेव्हा तिथे हा खेळ बंद होता. तो १९१५ साली पुन्हा सुरू झाला तेव्हा बाबासाहेब तिथेच शिकत होते. त्यांचे मैदान ग्रंथालय होते, हे आपणांस ठाऊक आहेच.

आमच्या जागा उंचावर होत्या. आजूबाजूला बहुतेक लाल, मधूनमधून काळे-सोनेरी ठिपके. सामना सुरू झाला आणि साठ हजार गळ्यांतून एकच आरोळी उठली. वर वादळाच्या भोंग्यासारखा भोंगा वाजला, कारण त्या संघाचे नावच चक्रीवादळावरून आहे. बहिणीने डोळे मिटून घेतले. आम्ही म्हणालो, "जायचं का बाहेर?" तिने मान हलवली. म्हणाली, "थांब, दादा. हे ओरडणं वेगळं आहे. हे कुणाच्या घराकडे निघालेले नाहीत."

एवढे एक वाक्य तिने त्या गर्दीत सांगितले. पंचेचाळीस वर्षे तिच्या मनात बसलेली भीती तिथे पुरती गेली, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पुढे सगळा सामना उभे राहून पाहिला.

आमच्या संघाने आधीच आघाडी घेतली. आपले गुण झाले की आम्ही चौघे उभे राहून टाळ्या वाजवायचो आणि सभोवतालचे सगळे खाली बसायचे. त्यांचे गुण झाले की सारे स्टेडियम उठायचे आणि आम्ही चौघे खाली! शेजारच्या बाकावरच्या लाल सदऱ्यातल्या एका मुलाने आमच्या सौ.ना खुणा करून खेळ समजावून दिला. शेवटी शेवटी यजमानांनी अंतर कमी केले, पण सामना आमच्या आयोवाने २०-१३ असा जिंकला. आम्ही फार ओरडलो नाही. परगावच्या फडाचा शिरस्ता आम्हाला माहीत होता.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आयोवा सिटीच्या आमच्या स्टेडियमला लागून मुलांचे रुग्णालय आहे. पहिला डाव संपला की सारे प्रेक्षक तिकडे वळून खिडक्यांत उभ्या असलेल्या आजारी मुलांना हात हलवतात. २०१७ पासूनची ही प्रथा. बाहेरून आलेला विरोधी संघ आणि त्याची माणसेही वळतात. त्या मिनिटापुरते दोन रंग उरत नाहीत. त्याच स्टेडियमच्या मैदानाला २०२१ साली ड्यूक स्लेटर यांचे नाव दिले गेले. स्लेटर काळे खेळाडू, शिरस्त्राण न घालता खेळणारे, १९२१ च्या नामवंत संघातले. तिथेच कायद्याची पदवी घेऊन ते पुढे शिकागोत न्यायाधीश झाले. म्हणजे जॅकला जे आयुष्य मिळाले नाही ते स्लेटर यांना मिळाले, आणि त्यांचे नाव मैदानावर यायला शंभर वर्षे लागली.

परतताना

सामना संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मग बहीण म्हणाली, "पुन्हा एकदा त्याच्याकडे जाऊ." पुतळ्यापाशी लाल सदऱ्यातली माणसे येत-जात होती. हरलेली असल्यामुळे गप्प होती. आम्ही जिंकणारे, काळ्या-सोनेरी सदऱ्यांतले, त्यांच्या माणसासमोर उभे होतो. बहिणीने हात जोडले. कोणी आक्षेप घेतला नाही. एक वयस्क काळे गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन आले होते. त्यांनी आमच्याकडे पाहून टोपीला हात लावला. भाच्याने त्यांना थोडक्यात सांगितले, आमच्याकडेही एका विद्यापीठाच्या नावासाठी असेच झाले. त्यांनी विचारले, "किती वर्षे लागली?" भाचा म्हणाला, "सोळा." ते म्हणाले, "आणि तुम्ही अजून सांगताय. हे चांगलं."

त्याच वर्षी, जॅकच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, विद्यापीठाने त्याला मरणोत्तर पदवी दिली. विषय तोच, पशुसंवर्धन. जी पदवी घेऊन तो दक्षिणेतल्या शेतकऱ्यांकडे जाणार होता ती शंभर वर्षांनी पोहोचली. ही बातमी आम्ही परतल्यावर भाच्याने फोनवर सांगितली. बहीण म्हणाली, "त्याच्या आईच्या हातात पडायला हवी होती."

माता-भगिनींनो, आपली मुले आता दूरदूरच्या गावी शिकायला जात आहेत. कोणी पुण्याला, कोणी दिल्लीला, कोणी परदेशी. तिथे ती परक्या मैदानावर असतात. रंग वेगळा, आरोळी वेगळी, पंच वेगळे. जाताना आपण त्यांच्याबरोबर लाडू देतो, लोणचे देतो. त्याबरोबर दोन गोष्टीही बांधून द्याव्यात, असे आम्हाला वाटते. एक, आपल्यावर समाजाचे नाव आहे ही जाणीव. दुसरी, आणि ती तितकीच महत्त्वाची, की दुखले तर 'बरा आहे' म्हणून खेळत राहू नकोस. फोन कर, घरी सांग, मदत माग. जॅकला हे सांगणारे त्या मैदानावर कोणी नव्हते. समाजाची अब्रू राखायची आहे हे खरे, पण त्यासाठी पोर जगले पाहिजे.

आणि आपल्या मुलांना घेऊन विद्यापीठाच्या दारासमोर एकदा जरूर उभे राहा. कमानीवरचे नाव त्यांना वाचायला लावा. ते नाव तिथे कसे आले, त्यासाठी कोण गेले, किती वर्षे लागली, हे तिथे उभे राहूनच सांगा. एम्सचे ते आजोबा नातवाला तेच सांगत होते.

जयभीम.